व्हॉट्सॲपची ए विंग, टेलिग्रामची बी विंग

'कमिटी आणि मदतनीस' ग्रुप, शनिवार सकाळ

सबनीस, सेक्रेटरी (ए-१०४): सर्वांना नमस्कार. काल टँकर पाऊण तास गेटवर उभा होता. टाकीच्या झाकणावर बी विंगमधली गाडी लावलेली. गुरुवारी महापालिकेचं पाणी बंद आणि शुक्रवारी कमी दाबाने, हे काही आपल्याला नवीन नाही. पुढच्या वेळी थांबणार नाही, असं टँकरवाला स्पष्ट सांगून गेलाय. सूचना मी आदल्या रात्रीच टाकली होती.

पाटील (बी-५०१): कुठे टाकली होती?

सबनीस: ग्रुपवर.

पाटील: कुठल्या ग्रुपवर? आमच्या टेलिग्रामवर काहीही आलं नाही. गाडी माझीच होती. कळलं असतं तर रात्रीच काढली असती.

कुलकर्णी काकू (ए-२०३): अहो पाटील, व्हॉट्सॲप आहे की तुमच्याकडे. आत्ता कशावर बोलताय 😄

पाटील: काकू, ते या कमिटीपुरतं. बी विंग जानेवारी २०२१ मध्ये टेलिग्रामवर गेली ती गेली. नव्या प्रायव्हसी पॉलिसीवरून तेव्हा केवढा गदारोळ झाला होता. आणि त्याच वर्षी ४ ऑक्टोबरला व्हॉट्सॲप सहा तास बंद पडलं, तेव्हा ए विंगची मंडळी आमच्याच दारात येऊन विचारत होती ना?

जोगळेकर, खजिनदार (ए-३०१): मग सबनीस दोन्हीकडे टाकतील. कॉपी, पेस्ट. यात चर्चा कसली?

सबनीस: सूचना मी एकटा टाकत नाही हो. टँकरचं एरवी वॉचमनच्या केबिनमधून येतं, लिफ्टचं मॅनेजर टाकतो, मेन्टेनन्सचं तुम्ही टाकता. तुम्ही आहात का टेलिग्रामवर?

जोगळेकर: नाही. आणि येणारही नाही.

मृण्मयी (बी-७०४): काका, दोन्ही ग्रुप जोडता येतात. मॅटरब्रिज नावाचा ओपन सोर्स प्रोग्राम आहे, फुकट. व्हॉट्सॲप, टेलिग्राम, डिस्कॉर्ड, स्लॅक, मॅट्रिक्स, अगदी जुनं आयआरसीसुद्धा एकमेकांना जोडतो. एकच कॉन्फिग फाइल, म्हणजे सेटिंगची फाइल असते. वर दोन्हीकडची खाती लिहायची आणि खाली 'गेटवे', म्हणजे या ग्रुपमध्ये जे आलं ते त्या ग्रुपमध्ये टाक.

पाटील: अगं म्हणजे पिजिनसारखं! आम्ही कॉलेज संपल्यावर पहिल्या नोकरीत याहू, जीटॉक, एमएसएन सगळं त्या एका खिडकीत चालवायचो. जे नसेल त्याचं प्लगिन टाकायचं.

मृण्मयी: थोडा फरक आहे काका. पिजिनमध्ये तुमची सगळी खाती तुम्हाला एका ठिकाणी दिसायची. समोरच्याला त्याचा पत्ताही नसायचा. इथे दोन ग्रुपच एकमेकांना चिकटतात. जोगळेकर काका व्हॉट्सॲपवर लिहितील आणि तुम्ही टेलिग्रामवर वाचाल, कोणालाही नवीन ॲप घ्यायला नको.

कुलकर्णी काकू: फारच छान. आजच कर.

शिंदे वकील (ए-६०२): थांबा. काकूंना 'सुप्रभात' आता दोन्ही विंगला पाठवता येईल म्हणून आनंद झालाय. मृण्मयी, हे अधिकृत आहे का? युरोपात तर कायदाच झालाय ना, दुसऱ्या ॲपला दार उघडा म्हणून?

मृण्मयी: झालाय, डिजिटल मार्केट्स ॲक्ट. पण तो फक्त युरोपियन युनियनपुरता, आणि आपली पुण्यातली धायरी अजून तिकडे गेलेली नाही. आपल्याकडे टेलिग्रामची बाजू अधिकृत आहे. तिथे बॉटफादर नावाचा बॉट, म्हणजे प्रोग्रामने चालणारं खातं असतं, त्याच्याकडे मागितलं की आपल्याला आपला बॉट आणि त्याचं टोकन, म्हणजे किल्ली मिळते. व्हॉट्सॲपची बाजू मात्र तशी नाही. कंपन्यांसाठी त्यांचा अधिकृत मार्ग आहे, पण तो आपल्या चालू ग्रुपमध्ये बसवता येत नाही. म्हणून एक खरा नंबर घ्यायचा आणि हा प्रोग्राम त्या नंबरचं 'लिंक केलेलं डिव्हाइस' म्हणून बसवायचा. ऑफिसच्या कॉम्प्युटरवर आपण क्यूआर स्कॅन करतो, अगदी तसंच. व्हॉट्सॲपच्या अटींमध्ये असे बाहेरचे प्रोग्राम बसत नाहीत, त्यामुळे नंबर बंद होऊ शकतो. कोणाचाही स्वतःचा नंबर यात वापरायचा नाही, सिम वेगळंच हवं.

जोगळेकर: सिम आलं म्हणजे रिचार्ज आलं.

मृण्मयी: हो, आणि फोनही. तो नंबर ज्या फोनवर आहे तो १४ दिवस उघडलाच नाही तर लिंक केलेली डिव्हाइसेस आपोआप बाहेर फेकली जातात. केबिनमधला जुना अँड्रॉइड चालेल, रोज कोणीतरी उघडतंच. प्रोग्राम माझ्या जुन्या लॅपटॉपवर टाकते, सोसायटी ऑफिसात, सीसीटीव्हीच्या ब्रॉडबँडवर आणि त्याच्याच यूपीएसवर. लाइट गेली की ब्रिज, म्हणजे ही जोडणी, बंद असं नको.

शिंदे वकील: आणखी एक. दूरसंचार विभागाने नोव्हेंबर २०२५ मध्ये आदेश काढला, सिम फोनमध्ये असल्याशिवाय ॲप चालू नये आणि वेबवरचं लॉगिन सहा तासांच्या आत बंद करून परत क्यूआर लावायला लावा. तुझं ते लिंक केलेलं डिव्हाइस त्यात आलं तर?

मृण्मयी: तर वॉचमनकाकांना दर सहा तासांनी क्यूआर स्कॅन करावा लागेल, म्हणजे ब्रिज संपला. ते मान्य करूनच सुरुवात करायची. यावर सोसायटीचं काही अडून राहील अशी रचना करायचीच नाही.

शिंदे वकील: हे बरं बोललीस. आणि सबनीस, लिहून ठेवा. ब्रिज असो वा नसो, ग्रुपवरचा मेसेज म्हणजे नोटीस नव्हे. वार्षिक सर्वसाधारण सभेची नोटीस उपविधीप्रमाणे १४ पूर्ण दिवस आधी, लेखी, आणि बोर्डावर. उद्या कोणी उपनिबंधकांकडे गेलं तर 'टेलिग्रामवर टाकली होती' हे चालणार नाही.

सबनीस: ते माहीत आहे वकीलसाहेब. इथे प्रश्न टँकरचा आहे.

कुलकर्णी काकू: मला एक सांग मृण्मयी. आमच्या ग्रुपवर आम्ही जे बोलतो ते सगळं बी विंगला दिसणार?

मृण्मयी: पूर्ण जोडलं तर हो, सगळं.

कुलकर्णी काकू: मग आजच नको करूस.

(काकूंनी पुढचा मेसेज डिलीट केला.)

पाटील: आमच्याबद्दल इतकं काय बोलता हो 😂

मृण्मयी: काका, हसण्यावारी नका नेऊ, खरा मुद्दा हाच आहे. व्हॉट्सॲपचा मेसेज पाठवणाऱ्याच्या फोनवर कुलूपबंद होतो आणि घेणाऱ्याच्याच फोनवर उघडतो. ब्रिज मध्ये आला की तोही एक घेणारा होतो. म्हणजे पोस्टमनने पाकीट फोडायचं, पत्र वाचायचं आणि दुसऱ्या पाकिटात घालून पुढे द्यायचं. ज्याच्या लॅपटॉपवर ब्रिज चालतो त्याला ठरवलं तर सगळं वाचता येतं. इथे तो लॅपटॉप माझा आहे, आणि मला ते नकोय. शिवाय पलीकडे टेलिग्रामच्या ग्रुपला तसं कुलूपच नाही, मेसेज त्यांच्या सर्व्हरवर राहतात.

पाटील: टेलिग्रामला नाही? आम्ही तर प्रायव्हसीसाठीच तिकडे गेलो!

मृण्मयी: टेलिग्राममध्ये दोन्ही टोकांचं कुलूप फक्त 'सीक्रेट चॅट'ला आहे, आणि ते दोघांमध्येच होतं. ग्रुपला नाही. २०२१च्या त्या पॉलिसीतही मेसेजचं एन्क्रिप्शन, म्हणजे हे कुलूप, काढलेलं नव्हतं, वाद होता तो कंपन्यांशी होणाऱ्या बोलण्याचा आणि फेसबुकला जाणाऱ्या बाकीच्या माहितीचा.

पाटील: हे पाच वर्षांनी सांगतेयस.

मृण्मयी: तेव्हा मी इथे राहायला आले नव्हते काका. पण तुमचा निर्णय अगदीच वाया गेला नाही. टेलिग्राममध्ये ग्रुपमधल्या लोकांपासून फोन नंबर लपवता येतो. आमच्या विंगमध्ये एकट्या राहणाऱ्या मुली आहेत, त्यांना तेच हवंय. त्यांना व्हॉट्सॲपवर या म्हणून मी सांगणार नाही.

शिंदे वकील: ए विंगच्या ग्रुपवर काय काय पडतं ते बघा एकदा. परवाच कोणीतरी नव्या कामवाल्या मावशींच्या आधारचा फोटो टाकला, 'व्हेरिफिकेशनसाठी'. पूर्ण नंबर, पत्ता, सगळं. तो ब्रिजवरून लॅपटॉपवर, तिथून टेलिग्रामच्या सर्व्हरवर. त्या मावशींना कोणी विचारलं होतं?

सबनीस: तो फोटो मी काढायला सांगितला होता.

मृण्मयी: आणि ब्रिज असता तर इकडे काढलेला तिकडे निघालाच असता असं नाही. डिलीट प्रत्येक वेळी पलीकडे पोहोचतंच असं नसतं. पोलही ओलांडत नाही, पार्किंगचं मतदान घेतलं तर अर्धीच सोसायटी मत देईल.

जोगळेकर: मग थोडक्यात, नको.

मृण्मयी: पूर्ण ग्रुप जोडायला माझाही नकारच आहे. पण सूचनांपुरता एकेरी ब्रिज लावू. व्हॉट्सॲपवर 'सूचना' नावाचा नवा ग्रुप, त्यात फक्त ॲडमिन लिहिणार: सबनीस काका, जोगळेकर काका, मॅनेजर, केबिन. नव्या सिमचा नंबर फक्त त्याच ग्रुपमध्ये, ए विंगच्या गप्पांच्या ग्रुपमध्ये तो असणारच नाही. मग त्याला वाचायला मिळणार काय, टँकर आणि लिफ्ट. तिथून बी विंगच्या टेलिग्राममध्ये जाईल, उलट काहीच येणार नाही.

पाटील: पण बॉट आमच्या ग्रुपमध्ये बसणार. तो आमचं वाचेल ना?

मृण्मयी: चांगलं विचारलंत. टेलिग्रामच्या बॉटला मुळात 'प्रायव्हसी मोड' लावलेला असतो, ग्रुपमधलं साधं बोलणं त्याला दिसतच नाही, त्याला उद्देशून दिलेली कमांड किंवा त्याच्या मेसेजला दिलेलं उत्तर तेवढं दिसतं. ब्रिज दुहेरी करायचा असेल तर तो मोड बंद करावा लागतो. आपण एकेरी करतोय, म्हणून तो चालूच राहील. फक्त त्याला ॲडमिन करू नका, ॲडमिन केलं की सगळं दिसायला लागतं.

शिंदे वकील: माझा मुलगा म्हणतोय तो उलट दिशेचा दुसरा ब्रिज लावून देतो, त्याच्याकडे दुसरा प्रोग्राम आहे.

मृण्मयी: नको, प्लीज. दोघांनी दोन वेगळे ब्रिज समोरासमोर लावले की हा त्याचा मेसेज उचलणार, तो याचा. एका टँकरचे रात्रभर शंभर टँकर होऊ शकतात.

सबनीस: ठीक. आधी चाचणी कर. खऱ्या ग्रुपला हात लावू नकोस.

रविवार रात्र

मृण्मयी: चाचणी झाली. दोन रिकामे ग्रुप करून पाहिले, एकात सबनीस काकांना आणि दुसऱ्यात पाटीलकाकांना घेतलं होतं. एक भानगड आधी सांगते. मॅटरब्रिजची जी तयार फाइल मिळते तिच्यात आत्ताच्या व्हॉट्सॲपचा भाग नसतो, लायसन्सच्या कारणाने. तो घालून आपणच बिल्ड करावं लागतं, म्हणजे मूळ कोडवरून प्रोग्राम तयार करावा लागतो. आणि आतली व्हॉट्सॲपची लायब्ररी, म्हणजे व्हॉट्सॲपशी बोलणारा तयार कोड, ताजी ठेवावी लागते, जुनी झाली की व्हॉट्सॲप जोडणीच नाकारतं. म्हणजे हे एकदा लावलं आणि विसरलं असं होणार नाही, मला अधूनमधून बघावं लागेल.

मृण्मयी: कॉन्फिगमध्ये ग्रुपचं नाव नाही, आयडी टाकलाय. गणपतीत कोणी ग्रुपचं नाव आणि फोटो बदलला तरी ब्रिज तुटणार नाही. टेलिग्रामच्या बाजूला मात्र साधा ग्रुप कधी 'सुपरग्रुप', म्हणजे टेलिग्रामचा मोठा ग्रुप, झाला तर त्याचा आयडी बदलतो, तेव्हा मला सांगा. टोकन फक्त त्या लॅपटॉपवर आहे. ते फुटलं तर बॉटच्या नावाने कोणीही 'उद्या पाणी नाही' टाकू शकेल, म्हणून स्क्रीनशॉट मागू नका.

सबनीस: मी पाठवलेला मेसेज गेला का?

पाटील: आला. पण हे काय आहे?
"[सूचना] 🙏जय गजानन🙏: उद्या टँकर ११ वाजता. टाकीजवळच्या गाड्या काढाव्यात."

कुलकर्णी काकू: खुद्द महाराज टँकर पाठवताहेत!

मृण्मयी: काका, तुमच्या व्हॉट्सॲप प्रोफाइलला तेच नाव आहे. ब्रिजच्या फोनमध्ये तुमचा नंबर सेव्ह नसल्यामुळे तो तुम्ही स्वतः ठेवलेलं नाव उचलतो. एकतर प्रोफाइलला नाव लिहा, नाहीतर मी केबिनच्या फोनमध्ये चौघांचे नंबर नावासकट सेव्ह करते.

सबनीस: सेव्ह कर. ते नाव मी बदलणार नाही.

पाटील: फोटोपण आला, टँकरच्या चलनाचा. वाचता येतोय. वेळ मात्र काही सेकंद मागे.

मृण्मयी: तेवढं होतं. ब्रॉडबँड गेलं तर जास्त होईल किंवा मेसेज राहूनही जाईल. म्हणून दर सोमवारी सकाळी केबिनमधून 'ब्रिज चालू आहे' एवढंच टाकायचं. बी विंगला सोमवारी ते दिसलं नाही तर पाटीलकाका मला फोन करतील. आणि टँकरच्या दिवशी वॉचमनकाका टाकीजवळच्या गाडीमालकाला इंटरकॉम करतील, ते बंद करायचं नाही.

शिंदे वकील: सोसायटीने ठराव करून घ्यावा. सिम कोणाच्या नावाने, लॅपटॉप कोणाचा, कॉन्फिगचा पासवर्ड अजून कोणाकडे. उद्या मृण्मयीने फ्लॅट विकला तर?

मृण्मयी: बरोबर. पासवर्ड बंद पाकिटात, ऑफिसच्या कपाटात. ब्रिज कसा बंद करायचा तेही एका कागदावर मराठीत लिहून ठेवते: लॅपटॉप बंद करा, मग फोनवर 'लिंक केलेली डिव्हाइसेस'मध्ये जाऊन लॉग आउट. कोणालाही जमेल.

सबनीस: बुधवारच्या कमिटी मीटिंगमध्ये विषय घेतो. तोवर सूचना मी दोन्हीकडे हाताने टाकतो. पाटील, मला तुमच्या टेलिग्रामवर घ्या.

पाटील: घेतलं. नंबर लपवायचा असेल तर सेटिंगमध्ये सांगतो.

जोगळेकर: सिम आणि रिचार्जची पावती सोसायटीच्या नावाने घ्या. मृण्मयीच्या नावावर घेऊन नंतर व्हाउचर जोडलं तर ऑडिटर मला विचारतो, तुम्हाला नाही.