अर्थ माहीत आहे, शब्द हवा आहे

पाऊस पडत असताना कौलांच्या कडेवरून ओळीनं खाली येणाऱ्या धारांना एक शब्द आहे. अगदी ओठांवर आहे, पण आठवत नाही. पन्हळ नव्हे. कोशात शोधायचं तर आधी शब्द माहीत हवा, आणि तोच तर हवा आहे! अर्थावरून शब्दाकडे जायचा काही मार्ग?

— पागोळी. बहुधा अनेकवचनीच ऐकू येतो: ‘पागोळ्या गळतायत’. पन्हळ म्हणजे पाणी वाहून नेणारी नळी, ती वेगळी.

— शब्द मिळाला, पण मूळ प्रश्न मोलाचा आहे. मी मोल्सवर्थचा कोश उलटा वापरतो. त्यात शब्द मराठी, अर्थ इंग्रजी. १८५७ची दुसरी आवृत्ती शिकागो विद्यापीठाच्या डिजिटल साउथ एशिया लायब्ररीत आहे आणि तिथे नुसत्या शब्दांतच नव्हे, अर्थाच्या सगळ्या मजकुरातही शोधता येतं. छपराच्या कडेचा इंग्रजी शब्द ‘ईव्ह्ज’ टाका, पागोळी आणि वळचण दोन्ही हाती लागतील. दाते-कर्व्यांचा ‘महाराष्ट्र शब्दकोश’ही (१९३२ ते १९३८) तिथेच आहे. त्यातले अर्थ मराठीत, पण लेखन जुनं. आपण ‘घराचं’ टाकतो, तिथे ‘घराचें’ असतं. म्हणून मोजकं लिहावं, विभक्ती टाळावी.

— इंग्रजी शब्दच आठवत नसेल तर आधी ‘वनलुक’वर जा. इंग्रजीत वर्णन लिहिलं की तो जवळचे शब्द क्रमानं देतो. तो घेऊन मोल्सवर्थकडे. द्राविडी प्राणायाम आहे खरा, पण चालतो.

— चॅटबॉटला विचारलं की झालं, एवढा खटाटोप कशाला?

— विचारा, पण हाती आलेला शब्द कोशात सरळ बाजूनं पाहून घ्या. माझा अनुभव असा की शब्द सापडला नाही तर तिथे संस्कृत समास घडवला जातो. ‘छतधारा’सारखं काहीतरी. दिसायला ऐटबाज, पण कुणाच्या तोंडी नाही.

— मला वाटतं, खरी मेख वर्णनात आहे. ‘मन प्रसन्न करणारा सकाळचा प्रकाश’ असं लिहून काही मिळणार नाही. कोशकार कसं लिहील ते डोळ्यांपुढे आणा: वस्तू कोणती, कुठे असते, काय करते. ‘एक टोक ओढलं की सुटणारी गाठ’ म्हटलं की सुरगाठ. ‘फटीतून आत येणारं ऊन’ म्हटलं की कवडसा.

— की तिरीप?

— तिरीप म्हणजे उन्हाची तिरपी रेघ, कवडसा जमिनीवर किंवा भिंतीवर पडतो. निदान आमच्या घरी तरी असाच भेद करायचे. लिहिताना मात्र दोन्ही सर्रास एकमेकांच्या जागी येतात, त्यावर हटून बसण्यात अर्थ नाही.

— शाळेत ‘शब्दसमूहाबद्दल एक शब्द’ असा प्रश्न असायचा, तो म्हणजे हेच की! फक्त त्यात अजातशत्रू आणि अल्पायुषी. पागोळी, वळचण, सुरगाठ कधी विचारल्याचं आठवत नाही. दोन गुणांसाठी आम्ही अजातशत्रू पाठ केला आणि घराच्या छपराचे शब्द विसरलो.

— जाता जाता: अमरकोशाची रचना विषयवार आहे. स्वर्गवर्ग, कालवर्ग, वारिवर्ग असे भाग पाडलेले. शिवकालीन ‘राज्यव्यवहारकोश’ही वर्गवारच. पाण्याशी संबंधित शब्द हवा असेल तर अमरकोशात सरळ वारिवर्गात शिरायचं. अकारविल्हे कोशात ही सोय नाही.

— मग माझाही एक सांगा. लोणी कढवून तूप गाळलं की तळाशी राहतं ते?

— बेरी. आमच्याकडे साखर घालून पोळीबरोबर खातात. भात काढल्यावर भांड्याला चिकटून राहते ती खरवड, तिच्याशी गल्लत करू नका.