'त्या काळाच्या मानाने चांगला' म्हणजे नक्की काय?

खुर्ची नंबर सतरा

परवा घरी 'बंदिनी' हा जुना हिंदी सिनेमा लावला होता. भाचा, वय बावीस, शेवटपर्यंत बसला. (निम्मा वेळ फोनमध्ये डोकं, पण बसला.) संपल्यावर उठता उठता म्हणाला, "चांगलाय, त्या काळाच्या मानाने."

तेव्हापासून हे वाक्य डोक्यात घुसून बसलंय. ही दाद नव्हे, ग्रेस मार्क आहेत. पोरगं नापास व्हायला नको म्हणून मास्तरांनी चार गुण टाकले, तसं.

त्याच सिनेमातला तो प्रसंग घ्या. आपण जिची शुश्रूषा करतोय ती आजारी बाई, ज्याच्यापायी आपलं आयुष्य उधळलं त्याचीच बायको, हे कल्याणीला (म्हणजे नूतनला) कळलेलं असतं. वडील गेल्याचंही कळलेलं असतं. ती एका खोलीत एकटी उभी. बाहेर लोखंडावर घण पडतायत, वेल्डिंग चालू आहे. तो उजेड तिच्या चेहऱ्यावर लखकन येतो आणि विझतो, पुन्हा येतो, पुन्हा विझतो. नूतन काहीही 'करत' नाही. रडत नाही, ओठ थरथरवत नाही, बोलत तर नाहीच. प्रत्येक उजेडात चेहरा तोच, पण आधीच्या उजेडातली बाई आता तिथे नाही. आणि मग त्या बाईसाठीचा, विष घातलेल्या चहाचा कप. १९६३ साल. बिमल रॉय दिग्दर्शक, कमल बोस कॅमेऱ्यामागे.

हे कुठल्या काळाच्या मानाने चांगलं आहे? माझं म्हणणं एवढंच की जुन्या सिनेमाला सवलत देऊ नका. आजच्या सिनेमाला लावता तीच फूटपट्टी लावा. पडला तर पडू द्या. पण नूतनला, बलराज साहनीला, 'संत तुकाराम'मध्ये जिजाई करणाऱ्या गौरीला ग्रेस मार्कांची गरज नाही.

रिमोट माझ्याकडे

भाच्याचं काय चुकलं ते सांगा आधी. बिचारा सौजन्याने बोलला.

तीच फूटपट्टी लावायची ना? लावू. तीन तासांच्या सिनेमात एक प्रसंग चार मिनिटांचा. उरलेल्या वेळात काय असतं हे आपण सोयीस्करपणे विसरतो. दर वीस मिनिटांनी गाणं, हिरोचा विनोदी मित्र, पिठाच्या गिरणीसारखी खोकणारी आई, आणि योगायोग तर असे की लहान मुलानेही विचारावं, "हा नेमका याच स्टेशनवर कसा उतरला?" तुम्ही 'बंदिनी'तला एक हिरा काढून दाखवता आणि म्हणता बघा, खाण सोन्याची आहे.

दुसरं असं की, 'सुवर्णकाळ' हे लेबल कोणी लावलं? 'कागज के फूल' १९५९ मध्ये आला तेव्हा याच सोनेरी काळातल्या सोनेरी प्रेक्षकांनी तो पाडला. इतका, की गुरुदत्तने पुन्हा दिग्दर्शक म्हणून स्वतःचं नाव लावलं नाही. आता सगळे म्हणतात, काय तो प्रकाशाचा झोत! तेव्हा कुठे होते?

स्मरणरंजन आहे हो सगळं. तुम्हाला नूतन आवडते कारण तिच्याबरोबर तुमचं बालपण येतं. भाच्याकडे ते तिकीट नाही.

पिटातला

खुर्ची नंबर सतरा यांच्याशी सहमत. +१.

खोकणाऱ्या आईबद्दल रिमोट यांनाही +१.

तिसरी घंटा

नाटकवाली असल्याने 'जुना अभिनय नाटकी असतो' हे वाक्य मला दर दोन महिन्यांनी ऐकावं लागतं. (नाटकात काम करणाऱ्यांना 'नाटकी' ही शिवी कशी ऐकू येत असेल, याचा विचार कुणी करत नाही.) त्यामुळे थोडं लांबण लावते.

बोलपट सुरू झाले १९३१-३२ मध्ये. पडद्यावर आलेली बरीच मंडळी संगीत नाटकांतून आलेली. तिथे माइक नव्हता, शेवटच्या रांगेतल्या माणसापर्यंत आवाजही पोचवायचा आणि भुवईसुद्धा. स्टुडिओत आल्यावर माइक मिळाला, पण तो कुठेतरी लपवलेला, आणि त्याच्यापासून लांब गेलं की आवाज गेला. म्हणून माणसं एका जागी खिळल्यासारखी उभी राहून बोलतात. पार्श्वगायन रुळलेलं नव्हतं, त्यामुळे गाणं कॅमेऱ्यासमोर जिवंत गायचं, वादक चौकटीच्या बाहेर दडवलेले. अशा वेळी सहज अभिनय करून दाखवा म्हणावं कुणालाही.

आता रिमोट म्हणतील, ही पुन्हा सवलतच झाली. नाही. कारण त्याच लोकांनी पाच वर्षांत मार्ग काढला. 'कुंकू' १९३७ चा. शांतारामबापूंनी पार्श्वसंगीतच टाकलं नाही. घरातले, आजूबाजूचे खरे आवाज तेवढे. थोराड वयात लग्न करून बसलेला काकासाहेब केशवराव दात्यांनी केलाय, आणि केशवराव म्हणजे रंगभूमीवरचे कसलेले नट. पण तिथे ते आवाज चढवत नाहीत. स्वतःच्या वयाची लाज हळूहळू अंगावर येत जाते. समोर त्याची तरुण बायको, शांता आपटेची नीरा, तडतडत असते आणि हा माणूस एकेका नजरेने लहान होत जातो. आजच्या कुठल्याही नटाशेजारी उभं करा त्यांना.

रिमोट माझ्याकडे

तिसरी घंटा, माइकचं माहीत नव्हतं, आभार. पण मुद्दा तिथेच आहे. तुम्ही 'कुंकू' सांगणार, खुर्चीवाले 'बंदिनी', अजून कोणी 'दो बीघा ज़मीन' सांगेल. साठ-सत्तर वर्षांच्या चाळणीतून उरलेलं उत्तम तुम्ही आजच्या सरसकट मालाशी तोलता. चाळणीच्या खाली पडलेल्या कचऱ्याचं कोणी नाव काढत नाही.

चंदेरी धूळ

चाळणी. बरं झालं हा शब्द आला.

आपल्याकडे चांगलं उरलं आणि वाईट गळलं, असं झालेलंच नाही. मूकपटांच्या काळात तेराशेच्या आसपास सिनेमे बनले. आज त्यातले पूर्ण, अर्धवट, तुकडे असे सगळे धरून तीसेक हाती आहेत. 'आलम आरा', पहिला बोलपट, मार्च १९३१. त्याची एकही प्रत नाही. तो वाईट होता म्हणून गेला का?

तेव्हाची फिल्म नायट्रेटची. चटकन पेट घेणारी. एकदा पेटली की पाण्यानेही विझत नाही, कारण जळताना स्वतःच प्राणवायू सोडते. आणि तिच्या थरात चांदी असायची. सिनेमा धावून झाला, निर्मात्याला पैशाची चणचण, की रिळं चांदी काढायला विकली जायची. धुऊन, वितळवून चांदी काढली आणि सिनेमा नाल्यात. ज्यांना 'रुपेरी पडद्याचे तारे' म्हणतो त्यांचं रुपं खरोखरच असं मोडीत गेलंय. उरलेल्यातलं पुष्कळ पी. के. नायर यांच्यासारख्या माणसाने वणवण करून जमवलं. राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ मध्ये पुण्यात निघालं ते तिथल्या मोजक्या लोकांच्या वेडामुळे चाललं. त्यातही २००३ मध्ये तिथल्या फिल्म इन्स्टिट्यूटच्या आवारातल्या तिजोरीला आग लागून नायट्रेटचा मोठा साठा गेला.

सांगायचं ते असं: आपण जे बघतो ते निवडून राहिलेलं नाही, वाचून राहिलेलं आहे. कदाचित गौरीपेक्षाही थोर कोणीतरी चांदीच्या भावाने गेली असेल.

रिमोट माझ्याकडे

मूकपटांपुरतं मान्य. पन्नास-साठच्या दशकातले पुष्कळ सिनेमे मात्र आहेत, आणि तिथे चाळणी आपल्या आठवणीची आहे. ते सोडत नाही.

ओवी

मला या धाग्यात दोन्ही बाजूंचा कंटाळा आलाय, म्हणून तिसरीकडून. 'सुवर्णकाळ' कोणासाठी?

ललिता पवार. तीसच्या दशकात नायिका होत्या. १९४२ मध्ये चित्रीकरणात सहकलाकाराची थप्पड जोरात बसली. चेहऱ्याची नस दुखावली, अर्धांगाचा परिणाम झाला, डावा डोळा कायमचा बारीक झाला. उपचारांत वर्षं गेली. परत आल्या तेव्हा नायिकेच्या भूमिका संपल्या होत्या. मग तोच डोळा घेऊन खाष्ट सासू, कजाग सावत्र आई. आपण सगळ्यांनी त्या डोळ्याला हसत हसत शिव्या घातल्या. त्याच बाईने 'अनाड़ी'मध्ये (१९५९) मिसेस डिसा केली, वरून कडक, आतून माया, आणि त्यासाठी त्यांना फिल्मफेअर मिळालं. एखादी संधी अशी, बाकी शेकडो सासवा.

आणि हॉलिवूडचं कौतुक करणाऱ्यांसाठी: हॅटी मॅकडॅनियल १९४० मध्ये ऑस्कर मिळवणारी पहिली कृष्णवर्णीय. त्या रात्री तिला आपल्याच सिनेमाच्या लोकांबरोबर बसता आलं नाही, भिंतीलगत वेगळं टेबल दिलं होतं. सोनं होतं, पण ते कुणाच्या अंगावर होतं तेही बघा.

कौतुक करू नका असं म्हणत नाही. 'अनाड़ी' मी दर वर्षी बघते. पण हळहळ गाळून केलेलं कौतुक मला पाणचट वाटतं.

खुर्ची नंबर सतरा

ओवी, हे लागलं. तुमचं वाचून माझ्याच पोस्टकडे पुन्हा बघितलं. मी नूतनचा चेहरा सांगितला, पण त्या काळात तो चेहरा लग्नानंतर, मूल झाल्यानंतर पुन्हा पडद्यावर येणं हीच केवढी गोष्ट होती, ते सांगितलंच नाही. बाकी बहुतेकींना ते दार बंद होतं.

रिमोट, गाण्यांबद्दल आणि योगायोगांबद्दल तुमचं अर्धं पटतं. स्मरणरंजनाचं मात्र अजिबात नाही. 'संत तुकाराम' १९३६ चा, माझ्या जन्माच्या कितीतरी आधीचा. त्यात माझं कुठलं बालपण? तरी जिजाई आजारी पोराला ओढत, हातात वहाण घेऊन देवळात विठोबाला जाब विचारायला निघते तेव्हा मी दर वेळी ताठ होऊन बसतो. गौरी 'प्रभात'मध्ये साधी कामगार म्हणून आलेली बाई. तुकारामाची भक्ती पटते ती पागनिसांमुळे, पण संसार पटतो तो हिच्यामुळे. ती नसती तर तो नुसता चमत्कारपट झाला असता.

अवांतर: त्यातला 'आधी बीज एकले' हा अभंग तुकोबांचा नाही, शांताराम आठवल्यांचा आहे. मी स्वतः कित्येक वर्षं तुकोबांचा म्हणून गुणगुणत होतो.

फ्रेमबाज

एक तांत्रिक कुरकुर. तुमचा भाचा जो 'बंदिनी' बघतो तो 'बंदिनी' आहे का, हे आधी तपासा.

जुन्या सिनेमांची चौकट जवळजवळ चौकोनी, चारास तीन म्हणतो ती. आजचा टीव्ही आडवा, सोळास नऊ. लोक काय करतात? एक तर चित्र आडवं ताणतात, म्हणजे मधुबाला भाकरीसारखी थापटलेली. नाहीतर वरून-खालून कापतात, म्हणजे कपाळ गेलं, हनुवटी गेली. 'कागज के फूल'चं उलट. तो आपल्याकडचा पहिला सिनेमास्कोप, रुंदच रुंद. चौकोनी टीव्हीच्या दिवसांत त्याच्या दोन्ही कडा छाटून दाखवायचे. कॅमेरामन व्ही. के. मूर्तींनी आरशांवरून उन्हाची तिरीप स्टुडिओत आणून तो झोत बसवला, रिकाम्या जागेच्या एका टोकाला वहिदा रहमान, दुसऱ्या टोकाला गुरुदत्त. कडा छाटल्या की दोघंही गेली, राहिला धूर.

मूकपटांतली माणसं तुरुतुरु पळतात म्हणून हसतो ना आपण? तेव्हा कॅमेरा हाताने फिरवायचे, सेकंदाला सोळा ते वीस चित्रं. पुढे तीच फिल्म चोवीसच्या वेगाने चालवली, म्हणून पळापळ. ती माणसं नीटच चालत होती हो.

पिटातला

थापटलेली मधुबाला. हे वाचून चहा सांडला.

रिमोट माझ्याकडे

प्रामाणिकपणे सांगतो. काल रात्री 'बंदिनी'तला तो प्रसंग शोधून पाहिला. दोनदा. दुसऱ्यांदा आवाज बंद करून, कारण मला बघायचं होतं की घणाचे घाव काढून टाकले तर काय उरतं. उरतं बरंच. पण आवाजाशिवाय उजेडाला धार राहत नाही, दोन्ही एकत्रच लागतात. ग्रेस मार्क मागे घेतो, या प्रसंगापुरते.

मग ओघात 'बंदिनी'च शेवटपर्यंत पाहिला. शेवटी कल्याणी ज्याने आयुष्य उधळलं त्याच्यासाठीच पळत का जाते, हे मला आजही कळलेलं नाही. तिच्यावर जीव लावणारा तो तुरुंगातला डॉक्टर चांगला होता.

तिसरी घंटा

डॉक्टर चांगला होता म्हणूनच तर! यावर वेगळा धागा काढा, मी तयारीत आहे.

फ्रेमबाज

रिमोट, प्रत कुठली पाहिलीत? चेहरा लांबट होता की पसरट?

रिमोट माझ्याकडे

...पसरट.

फ्रेमबाज

मग अजून पाहिलाच नाहीत. टीव्हीच्या सेटिंगमध्ये जाऊन चार बाय तीन करा आणि परत बसा.