मदत हवी आहे : गोराई गावात घरचं इंटरनेट

खाडीपलीकडे बोरिवलीत कंपन्या दारात उभ्या असतात. आमच्या गल्लीत मात्र एकाच केबलवाल्याची वायर. पावसात तुटली की तीन-तीन दिवस नेट नाही, आणि बायकोचं ऑफिसचं काम घरून. दोन मोठ्या कंपन्यांनी पिनकोडवर 'उपलब्ध' दाखवलं, पैसे घेतले आणि माणूस बघून गेल्यावर परत केले. ५जीचा वायरलेस राउटरही आणून पाहिला. दुपारी छान चालतो, पण रात्री आठनंतर अपलोड २ एमबीपीएसवर येतो. खिडकीपाशी ठेवूनही तेच.

आता शेवटचा विचार असा. खाडीपलीकडे, बोरिवलीतल्या गोराई २ मध्ये मावशीचं घर सातव्या मजल्यावर आहे. तिथे दुसरं फायबर कनेक्शन घेऊन ते नेट हवेतून आमच्या घरी आणायला दोन्हीकडे ५ गिगाहर्ट्झच्या वायरलेस डिश लावायच्या. मावशी तयार आहे, सोसायटीला अजून विचारलेलं नाही. अंतर सरळ रेषेत साधारण तीन किलोमीटर. आमचं घर कौलारू, स्वतःचं. वीस फुटी पाइप उभा करता येईल. ५ गिगाहर्ट्झच्या बँडला लायसन्स लागत नाही हे माहीत आहे.

भीती पाण्याची वाटते. भरती-ओहोटीला पाण्यावरून सिग्नलचं परावर्तन बदलून लिंक डळमळते म्हणतात. खाडीवरून अशी लिंक कुणी चालवली आहे का? खारफुटीच्या वर पाइप किती उंच लागला, आणि भरतीला अपलोड १० तरी टिकतो का?