एमए इकॉनॉमिक्सनंतर फक्त बँक क्लार्कच?
नागपुरात एमए इकॉनॉमिक्स केलं की बँकेच्या परीक्षाच उरतात असं वर कोणीतरी लिहिलंय, काहून बापा? यूपीएससीची इंडियन इकॉनॉमिक सर्व्हिस (आयईएस) आहे ना, वय २१ ते ३० आणि पीजी अर्थशास्त्राशी संबंधितच लागते, म्हणजे इंजिनियरांची गर्दी तिथेच कटते. रिझर्व्ह बँकेची ग्रेड बी डीईपीआर भरतीही आहे, म्हणजे त्यांच्या आर्थिक धोरण संशोधन विभागातली अधिकाऱ्याची जागा. चिंतामणराव देशमुख आयसीएस (इंग्रजांच्या काळातले सनदी अधिकारी) म्हणून आपल्याच मध्य प्रांतात होते, १९४३ मध्ये याच रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर झाले, १९४४ ला ब्रेटन वूड्सला, म्हणजे आयएमएफ-जागतिक बँक जिथे ठरली त्या परिषदेला गेले. पत्रकारिता म्हणाल तर रॉयटर्स, ब्लूमबर्गमध्ये कंपनीचा रिझल्ट आला की सेकंदात हेडलाइन टाकावी लागते, तर्रीपोहे खात निवांत लिहायचं काम नाही ते, बॅलन्स शीट वाचता आलीच पाहिजे. आयईएसचे जुने पेपर यूपीएससीच्या साइटवर फुकट आहेत, आधी ते बघ.