जुन्या एमजीबी या ब्रिटिश स्पोर्ट्स कारचे मूळ इग्निशन (ठिणगी पाडणारी यंत्रणा) ठेवावे की बदलावे?

जळगाव:
माझ्या मामांची १९६५ सालची एमजीबी गेल्या मे महिन्यात नशिराबादजवळ भर उन्हात बंद पडली. अर्धा तास थांबले की ती सुरू होई आणि चार-पाच किलोमीटरवर पुन्हा मान टाकी. पेट्रोलची वाफ होते, दोन्ही एसयू कार्बोरेटर (पेट्रोल आणि हवा मिसळणारे भाग) बिघडले आहेत, असे निदान होऊन त्यांचे जेट (पेट्रोल सोडणाऱ्या बारीक नळ्या) सुद्धा बदलले गेले. दोष निघाला पॉइंटना, म्हणजे ठिणगीसाठी वीजप्रवाह जोडणाऱ्या-तोडणाऱ्या संपर्कांना, जोडलेल्या कंडेन्सरमध्ये: तो तापला की पॉइंट उघडताना त्यांच्यातच जाळ होई आणि प्लगला पिवळट, अशक्त ठिणगी पडे. मूळ यंत्रणा समजून घेतल्याशिवाय एकही भाग बदलू नये आणि ती समजली की बदलण्याची गरजही बहुधा उरत नाही, असे माझे ठाम मत आहे.

धुळे:
भाऊ, आपल्याच उदाहरणाने आपला मुद्दा दुबळा होतो. पॉइंट उघडणाऱ्या फिरत्या कॅमवर घासणारी पॉइंटची टाच झिजते, पॉइंटमधली गॅप कमी होते आणि टायमिंग (ठिणगी पडण्याची वेळ) मागे पडते. पॉइंटच्या जागी बसणाऱ्या इलेक्ट्रॉनिक मॉड्यूलमध्ये घासणारे काहीच नसते. ते डिस्ट्रिब्युटरच्या, म्हणजे प्लगांना ठिणगी वाटणाऱ्या भागाच्या, टोपीखाली बसते आणि वाटेल तेव्हा काढताही येते. शिवाय जुने रबर खराब करणाऱ्या २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलसमोर जुन्या रबरी नळ्या जपण्यात काय अर्थ आहे?

जळगाव:
नळ्या मीही बदलल्या आहेत. त्याबाबत वाद नाही. इथेनॉलमुळे पेट्रोल-हवेचे मिश्रण पातळ होते (इंधन कमी पडते), पण त्यासाठी एसयूमध्ये जेटचा नट किंचित खाली घेण्याची सोय आहे. कार्बोरेटरमधला पिस्टन जरासा उचलून पाहावा: इंजिनाचा वेग वाढून तसाच राहिला तर मिश्रण दाट, इंजिन मंदावले तर पातळ, आणि वेग क्षणभर वाढून स्थिरावला तर बरोबर. पॉइंट बिघडण्याआधी सहसा इशारा देतात आणि ०.३५ ते ०.४० मिलिमीटरची गॅप फीलर गेजने रस्त्यावरही लावता येते. मॉड्यूल मात्र एकाएकी जाते. १९६७पूर्वीच्या एमजीबीत बॅटरीचा प्लस बॉडीला जोडलेला असतो, हे न पाहता मायनस अर्थचे (मायनस बॉडीला जोडलेल्या गाडीसाठीचे) मॉड्यूल बसवले तर ते जळूही शकते.

नंदुरबार:
डिस्ट्रिब्युटरच्या दांड्याबद्दल कोणीच बोलले नाही. माझ्या गाडीत तो हाताने हलवला की स्पष्ट डुगडुगतो, कारण त्याला आधार देणारे बुश झिजले आहे. सकाळी नेमकी लावलेली गॅप तोरणमाळच्या घाटात टिकत नाही. मॉड्यूल हा खेळ बऱ्याच अंशी सहन करते. चांगले बुश बसवून देणारा कारागीर जवळपास मिळेपर्यंत मी पॉइंटकडे परतणार नाही.