डोळ्याच्या खोबणीचं फ्रॅक्चर: कस्टम इम्प्लांटसाठी थांबावं का?

पाणपोई:
नमस्कार मंडळी. धाकट्या भावाला (वय २६) मॅचमध्ये लेदर बॉल डाव्या डोळ्यावर बसला. नजर शाबूत आहे, देवाची कृपा, पण सीटीत डोळ्याखालचं हाड मोडून खालच्या सायनसमध्ये (गालाच्या हाडातल्या हवेच्या पोकळीत) उतरलंय. सूज ओसरतेय तसा डोळा आत गेल्यासारखा दिसायला लागलाय, वर बघितलं की दोन-दोन दिसतं, गाल आणि वरचा ओठ बधिर, चहाचा कप ओठाला लागला की नाही तेसुद्धा त्याला कळत नाही. आज सहावा दिवस. एक डॉक्टर म्हणतात तयार टायटॅनियमची जाळी बसवू, दुसरे म्हणतात कॉम्प्युटरवर डिझाईन करून त्याच्याच मापाचं इम्प्लांट बनवून घेऊ, पण त्याला आठ-दहा दिवस लागतील आणि खर्च बराच जास्त. आईच्या घशाखाली घास उतरत नाहीये. कुणाला अनुभव आहे का?

आडवाट:
ताई, मी यातून गेलोय. बाईकवरून पडलो होतो, नेहमीचीच जाळी बसवली, पण ती मागपर्यंत पोचलीच नव्हती, पुढच्या भागावर टेकलेली आणि मागचा खड्डा तसाच. जिना उतरताना पायऱ्या दुप्पट दिसायच्या, वर्षभर कठडा सोडला नाही. मग दुसरीकडे कस्टम बसवलं, डबल दिसणं जवळपास गेलं, फक्त अगदी वर टोकाला बघितलं तर अजून दिसतं. तोपर्यंत हाड वेडंवाकडं जुळलेलं होतं म्हणून दुसरं ऑपरेशन जास्त अवघड गेलं. बधिरपणाची घाई करू नका, खोबणीच्या तळातून जाणारी नस दबलेली असते, माझ्या गालावर आधी मुंग्या चालल्यासारखं व्हायचं आणि मग हळूहळू स्पर्श कळायला लागला.

घाटमाथा:
मी हेच काम करतो, सर्जनबरोबर बसून इम्प्लांट डिझाईन करणं. आडवाट यांचा मुद्दा अगदी बरोबर. खोबणीचा तळ पुढे खोलगट असतो पण डोळ्याच्या गोळ्यामागे तो घाटासारखा वर चढतो, आणि तिथे सपाट जाळी ठेवली की आतली जागा वाढते. सगळी खोबण साधारण ३० मिलीलिटरची, त्यामुळे एक-दोन मिलीनेही डोळा आत बसल्याचं दिसायला लागतं. आम्ही चांगल्या बाजूची खोबण आरशासारखी उलटवून मोडलेल्या बाजूवर बसवतो, त्यावरून आकार काढतो, मग मागे शाबूत राहिलेल्या हाडाच्या कंगोऱ्यावर इम्प्लांट टेकेल अशी कड देतो, पुढे स्क्रूची भोकं. चेहऱ्याच्या दोन्ही बाजू तंतोतंत सारख्या नसतात, म्हणून हाताने दुरुस्ती लागतेच. सीटी एक मिलीमीटर किंवा त्याहून बारीक कापांचा हवा. नाकाकडची भिंत मुळातच कागदासारखी पातळ, जाड कापांत तिथे खोटी भोकं दिसतात.

आणि मधला मार्ग आहे बरं का. आरशातल्या आकाराचं कवटीचं मॉडेल थ्रीडी प्रिंट करायचं, त्यावर तयार जाळी दाबून वाकवायची, निर्जंतुक करायची आणि तीच बसवायची. दोन-तीन दिवसांत होतं, खर्च बराच कमी. फक्त तळ मोडला असेल आणि मागचा कंगोरा शाबूत असेल तर मी स्वतःच्या भावासाठीही हेच सुचवलं असतं. तळ आणि नाकाकडची भिंत दोन्ही गेल्या असतील, किंवा ऑपरेशन दुसऱ्यांदा असेल, तर मात्र कस्टमचा खरा उपयोग. दोन्ही डोळ्यांच्या खोबण्या मोडल्या असतील तर आरशाचा उपाय चालत नाही, ते वेगळंच प्रकरण.

सुईदोरा:
ऑपरेशन थिएटरात नर्स आहे म्हणून सांगते, नाक अजिबात शिंकरू देऊ नका, सायनसमधली हवा डोळ्याभोवती शिरते आणि डोळा फुगतो. शिंक आली तर तोंड उघडं ठेवून. अचानक खूप दुखलं, डोळा ताठ होऊन पुढे आला किंवा अंधुक दिसलं तर ओपीडीची वाट न बघता थेट कॅज्युअल्टी. मोठ्या माणसांत सूज उतरू देऊन साधारण दोन आठवड्यांच्या आत करतात, म्हणून आठ-दहा दिवस म्हणजे नक्की कधी ते लेखी विचारा. लहान मुलं असलेल्यांनी हेही लक्षात ठेवा, मुलांचं हाड लवचिक, ते दुमडून परत मिटतं आणि स्नायू चिमटीत सापडतो, डोळा बाहेरून पांढरा स्वच्छ दिसतो पण मूल उलट्या करतं, वर बघू शकत नाही. तिथे कसलंही इम्प्लांट बनेपर्यंत थांबायचं नाही, एक-दोन दिवसांत ऑपरेशन लागतं. खर्चाबाबत हॉस्पिटलमधल्या आरोग्यमित्राला (सरकारी आरोग्य योजनेचा मदतनीस) आधी भेटा.

पाणपोई:
सगळ्यांचे मनापासून आभार. आज तुमचेच प्रश्न वहीत लिहून नेले. पहिला सीटी जाड कापांचा होता, परत काढला. फक्त तळ मोडलाय, मागचा कंगोरा शाबूत आहे, म्हणून मॉडेलवर वाकवलेली जाळी ठरली, मंगळवारी सकाळी ऑपरेशन. खालच्या पापणीच्या आतून जाणार, चेहऱ्यावर टाका दिसणार नाही असं डॉक्टरांनी आईला पापणी खाली ओढून दाखवलं. घरी आल्यावर आई दोन घास जेवली.