पुराच्या गाळाचा रंग केला, पण पापुद्रे सुटतात

प्रश्न – नदीकाठ (धाराशिव)
पुरात कागदावरची बरीच कामं भिजली. आता त्याच कागदांवर, घरात साचलेल्या गाळानं नवी मालिका करायला घेतलीय. गाळ चाळून पांढऱ्या गोंदात निम्मा-निम्मा कालवला, २ मिमी थर दिला. ओला असताना काळाभोर, वाळल्यावर राखाडी. चौथ्या दिवशी भेगा, कागद वाकडा, पापुद्रे खाली. काय चुकतंय?

खलबत्ता
थर जाड झाला. आपली काळी माती पाण्यानं फुगते आणि वाळताना आकसते. उन्हाळ्यात रानाला भेगा पडतात तेच कागदावर होतंय. कागद तेवढा आकसत नाही, म्हणून थर सुटतो.

१ किलो गाळ बादलीभर पाण्यात ढवळा, मिनिटभर थांबा, वरचं गढूळ पाणी दुसऱ्या भांड्यात ओता. वाळू तळाशी राहते. ते पाणी दोन दिवसांतही निवळणार नाही. तुरटी फिरवू नका, आम्लानं कागद पिवळा पडून तुकडे होतात. वाटीभर चुन्याची निवळी घाला, माती खाली बसेल. वाळवून खला, वस्त्रगाळ करा.

बाभळीचा डिंक १ भाग, गरम पाणी २ भाग, रात्रभर भिजवून गाळा. ४ चमचे डिंकपाण्याला अर्धा चमचा मध, लवंगेच्या तेलाचा एक थेंब. रंग दुधाइतका पातळ ठेवा आणि एक हात वाळल्यावरच दुसरा द्या. वाळल्यावर बोट फिरवा: भुकटी लागली तर डिंक कमी, चकाकून तडकलं तर जास्त. काळाच हवा असेल तर काजळ मिसळा. नुसत्या मातीत तो मिळत नाही.

गिलावा
जाड थरच हवा असेल तर कागद सोडा, प्लायवर जाडंभरडं सुती कापड चिकटवा. माती १ वाटी, बारीक वाळू २, भुसकट अर्धी. आठ दिवस मुरू द्या (वास येतो, यायलाच हवा). अजिंठ्यात रंगाखाली मातीचाच गिलावा आहे, त्यात भाताचं तूस आणि गवत. वेरूळच्या गिलाव्यात भांगेच्या झाडाचे तंतू सापडलेत. तंतू भेग धरून ठेवतात.

टिपकागद
रंगाआधी कागद बघा. दोन दिवस ओला राहिला की बुरशी धरते, आणि तिच्यावर डिंक लावणं म्हणजे तिला जेवायला वाढणं. गठ्ठा अजून ओला असेल तर बटरपेपर घालून फ्रीजरमध्ये टाका, बुरशी थांबते. सवडीनं थोडेथोडे काढा. चिकटलेले ओढू नका. ट्रेमधल्या स्वच्छ पाण्यात प्लॅस्टिकची फिल्म खालून सरकवत सोडवा. जलरंगाचं काम मात्र बुडवू नका, उरलंसुरलंही जाईल. सावलीत वाळवा, मग मास्क लावून उघड्यावर मऊ ब्रशनं बुरशी झटका. गाळात गटाराचं पाणीही असतं, हातमोजे घाला.

नदीकाठ
सोयाबीनचं भुसकट चालेल?

गिलावा
चालेल, बोटाच्या पेराहून लांब नको. चाळून घ्या मात्र. दाणा राहिला तर ओल्या थरातून कोंब वर येतो.